हॉटेलच्या दारावर स्वच्छतेचे गुण: असावेत का, आणि कसे?

साळुंकी

हॉटेलात शिरण्याआधी आपण काय बघतो? गर्दी आहे का, अ‍ॅपवर तारे किती, ओळखीचं कोणी जाऊन आलंय का. स्वयंपाकघर काही आपल्याला दिसत नाही, आणि पोटाचं बरंवाईट ठरतं ते तिथेच. ते आतून पाहून आलेला त्रयस्थ माणूस एकच, तपासनीस. फ्रिज उघडून, तापमान मोजून, हात धुवायच्या बेसिनशी साबण आहे का हे बघून त्याने अहवाल लिहिलेला असतो. त्याचा पगार जनतेच्या पैशातून होतो. तरीही बहुतेक ठिकाणी तो अहवाल कार्यालयातल्या फायलीत जाऊन पडतो आणि जेवणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: तपासणीचा निकाल दारावर लागलाच पाहिजे. मालकाच्या मर्जीने नव्हे, सक्तीने. आणि त्यामागचा अहवाल कोणालाही वाचता आला पाहिजे.

हे आधीच करून पाहिलेलं आहे. डेन्मार्कमध्ये २००१ पासून तपासणीचा निकाल हसऱ्या ते उतरलेल्या चेहऱ्यांच्या चित्रांत देतात, आणि ग्राहकाला आत शिरण्याआधी वाचता येईल असा तो लावावा लागतो. त्याच वर्षी टोरंटोत हिरव्या, पिवळ्या, लाल पाट्या आल्या. लॉस एंजेलिस परगण्यात १९९८ पासून आणि न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ए, बी, सी अशा श्रेणी आहेत. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ असे गुण देतात. स्कॉटलंडने आकडे टाळले, तिथे 'उत्तीर्ण' किंवा 'सुधारणा आवश्यक' एवढंच.

यात इंग्लंड आणि वेल्सची तुलना मला सगळ्यात बोलकी वाटते. दोन्हीकडे गुण देण्याची पद्धत एकच. वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३ पासून गुण दाराशी लावणं कायद्याने बंधनकारक झालं, उत्तर आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०१६ पासून. इंग्लंडमध्ये मात्र ते ऐच्छिक आहे. ज्याला ५ मिळाले तो हौसेने काचेवर चिकटवेल, पण ज्याला १ मिळाला तो कशाला लावेल? म्हणजे ज्या ठिकाणी माहितीची खरी गरज, नेमकी तिथली काच कोरी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नाने दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. हे सगळं हॉटेलांमुळे होतं असं नाही, घरचं अन्नही त्यात आलं. पण घरचं स्वयंपाकघर आपल्या हातात असतं.

तुमचं मत काय? विशेषतः जे या व्यवसायात आहेत त्यांनी लिहावं.

मधुमालती

पूर्ण सहमत. अ‍ॅपवरच्या ताऱ्यांबद्दल थोडं लिहिते, कारण 'लोकांची परीक्षणं आहेत की, सरकारी गुण कशाला' असं कोणीतरी म्हणेलच.

जेवणाऱ्याला चव कळते, वागणूक कळते, फार तर टेबल चिकट आहे हे कळतं. अन्नातून संसर्ग झाला तर कुठून झाला हे त्याला सहसा कळत नाही. नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणं साधारण १२ ते ४८ तासांनी दिसतात, साल्मोनेला या जिवाणूची ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही. लिस्टेरिया या जिवाणूला तर कित्येक आठवडे लागू शकतात. माणूस शेवटच्या जेवणावर ठपका ठेवतो आणि बरेचदा ते जेवण निर्दोष असतं. म्हणजे ग्राहकाच्या ताऱ्यांत एखादं चांगलं हॉटेल फुकट बदनाम होतं आणि खरं कारण असलेलं सुटतं. स्वच्छतेचा निवाडा आत जाऊन मोजणाऱ्यानेच करायला हवा.

रानवारा

माझा विरोध नाही, पण दुसरी बाजूही ऐका. मी लहानसा खाद्यव्यवसाय चालवतो. मोठ्या साखळी हॉटेलांकडे कागदपत्रं सांभाळायला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे जो भाजी चिरतो तोच गल्ल्यावर बसतो आणि तोच रात्री नोंदवही भरतो. तपासनीस आला त्या दिवशी एक कामगार गैरहजर, भांडी साचलेली, आणि त्या एका दिवसावरून दारावर २ चा आकडा. पुढची तपासणी होईपर्यंत तो आकडा गिऱ्हाईक तोडत राहणार. सुधारणा दुसऱ्याच दिवशी केली तरी बाहेरच्याला ती दिसणार कशी? पुढची तपासणी कधी हे माझ्या हातात नाही.

शिवाय जुन्या इमारतीत जागा असली की छत, फरशी, पाण्याचा निचरा, सगळ्यालाच मर्यादा येतात. ते घाणेरडेपण नव्हे.

साळुंकी

रानवारा, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि योजना न्याय्य हवी असेल तर याचं उत्तर नियमांतच असायला हवं. ब्रिटनच्या योजनेत तीन वाटा आहेत. गुण चुकीचे वाटले तर २१ दिवसांत अपील करता येतं. सुधारणा केली की पुन्हा तपासणी मागता येते. आणि त्या दिवशी काय परिस्थिती होती, त्यानंतर काय सुधारलं, याचा मालकाचा खुलासा गुणांच्या जोडीने संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो.

न्यूयॉर्कमध्ये पहिल्या तपासणीत ए मिळाली नाही तर लगेच श्रेणी चिकटवत नाहीत, दुसरी तपासणी होते. त्यानंतरही मालकाला दाद मागायची असेल तर निकाल लागेपर्यंत 'श्रेणी प्रलंबित' अशी पाटी लावता येते. फेरतपासणी मागितल्यावर ती ठराविक मुदतीत झालीच पाहिजे, हे बंधन खात्यावर हवं. त्यात खातं कमी पडलं तर त्याचा भुर्दंड दुकानदाराने सोसू नये, या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे.

गणिती

गुण नेमके कसे काढतात हे सांगितल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. ब्रिटनची पद्धत घेतो, कारण ती जाहीर आहे आणि विचारपूर्वक बांधलेली आहे.

तपासनीस तीन गोष्टींना दोषगुण देतो. पहिली, अन्न हाताळणं: शिजवणं, गार करणं, साठवणं, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं. दुसरी, जागेची स्थिती आणि स्वच्छता. तिसरी, व्यवस्थापनावरचा विश्वास, म्हणजे आज दिसलं ते उद्याही टिकेल का. दोषगुण जितके कमी तितकं चांगलं. पहिल्या दोन्हींत ० ते २५, तिसऱ्यात ० ते ३०.

एकूण १५ पर्यंत असेल तर ५ गुण, २० असेल तर ४, २५ ते ३० ला ३, ३५ ते ४० ला २, ४५ ते ५० ला १, त्यापुढे शून्य. पण खरी मेख पुढे आहे. एकूण बेरीज कमी असून भागत नाही, कुठल्याही एका बाबीतले दोषगुणही ठराविक मर्यादेत लागतात. ५ हवे असतील तर एकाही बाबीत ५ च्या वर जाता येत नाही. ४ आणि ३ साठी ही मर्यादा १०, २ साठी १५, १ साठी २०.

उदाहरण घ्या. एका ठिकाणी हाताळणी ०, जागा ०, व्यवस्थापन २०. बेरीज २०, म्हणजे वरवर पाहता ४ गुण. पण एका बाबीत २० आल्यामुळे प्रत्यक्षात मिळतो १. दुसऱ्या ठिकाणी ५, ५ आणि १०. बेरीज तीच २०, आणि गुण ४. गणितात शून्य पडल्यावर भाषेतल्या पैकीच्या पैकींनी माणूस पास होत नाही, तसंच हे. चकचकीत फरशी कच्च्या मांसाच्या पाण्याची भरपाई करू शकत नाही.

रानवारा, तुमच्या जुन्या इमारतीचा मुद्दा यातल्या दुसऱ्या बाबीत येतो. छत जुनं पण धड आणि धुतलेलं असेल तर तपासनिसाने जुनेपणाचे दोषगुण देऊ नयेत.

झारा

मी गेली बरीच वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यांत काम करतोय, आता आचाऱ्यांची तुकडी सांभाळतो. तपासणी आतून कशी दिसते ते सांगतो.

कच्चा तपासनीस येतो, मालकाशी बोलतो, फरशी बघतो, भिंत बघतो, जातो. पक्का तपासनीस आल्या आल्या हात धुतो. त्यात त्याची अर्धी तपासणी होते: बेसिनपाशी पोहोचायला वाट आहे की समोर पातेली रचलीत, गरम पाणी येतंय का, साबण आहे का, हात पुसायला कागद आहे की सगळ्यांचं मिळून एक ओलं फडकं. बेसिनमध्ये भाजीची सालं दिसली की त्याला कळतं, इथे हात कोणी धूत नाही.

मग तो मालकाला बाजूला ठेवून भांडी घासणाऱ्या पोराला किंवा नव्या मदतनिसाला विचारतो, 'या फ्रिजचं तापमान किती असायला हवं? जास्त दाखवलं तर तू काय करतोस?' पोराने नीट सांगितलं तर व्यवस्था खरी आहे. पोराने मालकाकडे बघितलं की ती कागदावरच.

नोंदवही उघडल्यावर आकड्यांबरोबर तो शाईही बघतो. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच लयीत, सगळीकडे ४ अंश. खरा फ्रिज असा वागत नाही. दुपारच्या गर्दीत दार सारखं उघडतं, तेव्हा आकडा वर जातो. ज्या वहीत कधीतरी ७ लिहिलेलं असतं आणि शेजारी 'गॅस्केट (दाराचं रबर) बदललं' अशी नोंद असते, ती वही खरी.

फ्रिजमध्ये कच्चं मांस शिजलेल्याच्या वरच्या फळीवर आहे का, हे तर पहिल्या नजरेत दिसतं. वरून एक थेंब खाली पडला की संपलं.

साळुंकी

झारा, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं झालं. गणितींनी सांगितलेली तिसरी बाब, व्यवस्थापनावरचा विश्वास, तुमच्या त्या पेनाच्या शाईमुळे नीट कळते.

याच संदर्भात वेल्सची घटना सांगायला हवी. २००५ मध्ये दक्षिण वेल्समध्ये ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची साथ आली. दीडशेहून जास्त लोकांना लागण झाली, त्यात बहुसंख्य शाळकरी मुलं, आणि पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. शाळांना शिजवलेलं मांस पुरवणाऱ्या एका व्यवसायात कच्चं आणि शिजवलेलं मांस एकाच निर्वात-पॅकिंग यंत्रावर बांधलं जात होतं. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, अहवाल २००९ मध्ये आला. नोंदी खोट्या भरल्या जात होत्या आणि तपासणीला आलेल्यांनी त्या खऱ्या मानल्या, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तपासणी पूर्वसूचना न देता व्हावी, ही त्यातली एक ठळक शिफारस.

पुढे ब्रिटनमध्ये गुणांचं जाहीर प्रदर्शन सक्तीचं करण्यात वेल्सच आघाडीवर राहिला. त्या मुलांनी शाळेत जेवण निवडलं नव्हतं, पानात आलं ते खाल्लं. म्हणूनच ही योजना हॉटेलांपुरती ठेवून चालत नाही. ब्रिटनमध्ये शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम, सुपरमार्केट यांनाही गुण मिळतात, आणि माझ्या मते या ठिकाणचे गुण हॉटेलांपेक्षाही महत्त्वाचे आहेत.

तळटीप

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून संशोधनातली थोडी अडचणीची बाजू मांडते.

लॉस एंजेलिसमधली योजना १९९७ च्या अखेरीस दाखवलेल्या एका टीव्ही वृत्तमालिकेनंतर घाईघाईत आली. छुप्या कॅमेऱ्याने भटारखाने दाखवले, लोक संतापले, आणि परगण्याने काही आठवड्यांत श्रेणी आणल्या. पुढे २००३ मध्ये जिंजर जिन आणि फिलिप लेस्ली या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला. श्रेणी लावल्यावर तपासणीतले गुण वाढले आणि अन्नजन्य आजारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं, असा त्याचा निष्कर्ष. जगभर जिथे जिथे अशी योजना आली, तिथे याचा दाखला दिला गेला.

पण २०१९ मध्ये डॅनियल हो आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. योजनेच्या आधीच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात साल्मोनेलाची मोठी लाट होती, ती ओसरली, आणि श्रेणी नसलेल्या शेजारच्या भागांतही आजार तसेच घटले, असं त्यांना आढळलं. म्हणजे जी घट श्रेणींच्या खात्यावर मांडली होती, ती त्यांच्यामुळे झाली असं म्हणता येत नाही.

दुसरं, तपासनिसांमधली तफावत. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग परगण्यात (सिएटल शहर याच परगण्यात) दोन-दोन तपासनिसांना एकाच स्वयंपाकघरात एकाच वेळी पाठवून स्वतंत्र नोंदी करायला लावल्या. निम्म्याहून अधिक वेळा दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत. एकाच फ्रिजसमोर उभ्या असलेल्या दोन प्रशिक्षित माणसांचं जर हे होत असेल, तर ए आणि बी मधला फरक हॉटेलाचा की तपासनिसाचा?

तिसरं, श्रेणी सैलावतात. जवळजवळ सगळ्यांनाच ए मिळायला लागली की त्या पाटीतून ग्राहकाला काहीच कळत नाही.

चक्रधर

तळटीप यांचा प्रतिसाद वाचून वाटतं, मग हा खटाटोप कशाला? आजार घटल्याचा पुरावा पक्का नाही, गुण तपासनिसागणिक बदलतात. तोच खर्च जास्त तपासनीस नेमायला वापरावा.

तळटीप

चक्रधर, मी योजना नको असं म्हणत नाही. ती नीट मोजली जावी असं म्हणते. किंग परगण्यातल्या त्याच प्रयोगात पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तपासनिसांनी जोडीने जाऊन नंतर बसून मतभेदांवर चर्चा केली, तेव्हा त्यांच्या नोंदी एकमेकांच्या जवळ यायला लागल्या. यासाठी यंत्रं लागत नाहीत, वेळ लागतो आणि खात्याची इच्छा लागते.

त्या परगण्याने २०१७ मध्ये ज्या पाट्या आणल्या त्याही वेगळ्या विचाराच्या आहेत. एका दिवसाच्या तपासणीवर न थांबता मागच्या चार नियमित तपासण्यांचा सरासरी निकाल त्यात धरतात. एका वाईट दिवसाने हॉटेल बुडत नाही आणि एका चांगल्या दिवसाने तरत नाही. रानवारा यांच्या अडचणीला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. डेन्मार्कमध्येही सर्वोच्च चिन्ह असंच मिळतं: लागोपाठच्या चार तपासण्यांत एकही शेरा नको, आणि मागच्या १२ महिन्यांतही शेरा नको.

साळुंकी

चक्रधर, आजार घटले नाहीत असं क्षणभर धरलं तरी अहवाल लपवून ठेवायला काय कारण उरतं? औषधाच्या बाटलीवर घटक लिहिणं त्यामुळे आजार घटतात का हे मोजून आपण ठरवत नाही. माझ्या पोटात जाणाऱ्या गोष्टीबद्दल सरकारला जे ठाऊक आहे, ते मला ठाऊक असायला हवं, इतकंच. आणि जास्त तपासनीस हवेतच, यात दुमत नाही. पण निकाल जाहीर होणार असेल तर खात्याच्या कमी तपासण्याही लोकांच्या डोळ्यावर येतात. काचेवरच्या कागदावर तीन वर्षांपूर्वीची तारीख दिसली की लोक विचारणारच, 'मधल्या काळात कोणी आलंच नाही का?' म्हणून गुणांइतकीच तपासणीची तारीख ठळक छापलेली हवी.

गणिती

तळटीप यांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोडून. न्यूयॉर्कमध्ये दोषगुण मोजतात, ० ते १३ म्हणजे ए, १४ ते २७ बी, २८ पासून पुढे सी. आरोग्याला थेट धोका असणारा दोष किमान ७ गुणांचा, गंभीर दोष किमान ५, सर्वसाधारण दोष किमान २.

आता हिशेब करा. सात किरकोळ दोष, प्रत्येकी २, झाले १४. पाटी बी. दुसरीकडे थेट धोक्याचा एकच दोष, ७ गुण. पाटी ए. असा दोष जागच्या जागी सुधारता आला नाही तर खातं हॉटेल बंद करू शकतं, त्यामुळे तो मोकाट सुटतो असं नाही. पण पाटी वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. बेरजेची श्रेणी ही अडचण आणतेच. म्हणून मला ब्रिटनची 'एका बाबीत घसरलात तर वर जाता येणार नाही' ही अट जास्त पटते.

झारा

गणिती बरोबर बोलतात. फुटकी फरशी सगळ्यांना दिसते, तिने कोणी मरत नाही. मरतात ते न दिसणाऱ्या गोष्टींनी. त्यातली एक लिहितो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिकडेच होतं: शिजवलेलं अन्न गार करणं.

रात्री मोठं पातेलं उरतं. कामगार दमलेले असतात. झाकण घालून ओट्यावर ठेवून देतात, सकाळी गरम करू म्हणून. वरून पातेलं कोमट लागतं, पण मध्यभागी हात घातला तर पहाटेपर्यंत ऊब असते. काही जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातही टिकतात, आणि ही ऊब त्यांना हवी तितकी मिळते. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचं नाव मी प्रशिक्षणात ऐकलं, पण त्याची करामत त्याआधीच बघितली होती. 'सकाळी खळखळून उकळलं की सगळं मरतं' हा समज तर घरोघरी आहे. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचं विष उकळल्यानेही जात नाही, आणि हाताच्या जखमेतून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचंही नाही.

अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत यासाठी स्पष्ट नियम आहे: ५७ अंश सेल्सियसवरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर यायला आणखी चार तास, एकूण सहा. मोठ्या पातेल्यात हे होतच नाही. उथळ परातींत पसरायचं, खाली बर्फाचं पाणी ठेवायचं, ढवळत राहायचं. आमच्याकडे रात्रपाळीला हे काम एका माणसाच्या नावावर लावलेलं असतं आणि तो थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध घालून आकडा लिहितो. कोणी नेमून दिलेलं नसेल तर ते काम कोणीच करत नाही.

तपासनीस दुपारी येतो आणि हे घडतं रात्री. म्हणून तर नोंदवही आणि त्या पोराची उत्तरं महत्त्वाची.

रानवारा

झारा, उथळ परातींचं आजपासून करतो. असं कोणी समजावून सांगितलं तर आम्हाला तपासणी जाचक वाटणार नाही. बरेचदा शेरा मिळतो, उपाय मिळत नाही.

मधुमालती

एक मुद्दा राहिला, आजारी कामगार. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये असा नियम ब्रिटनमध्ये शिकवतात, कारण नोरोव्हायरस बरं वाटल्यावरही पसरतो आणि अल्कोहोलच्या हात-निर्जंतुकाला तो फारसा दबत नाही, साबण-पाणीच लागतं. पण दिवसाच्या मजुरीवर असलेला माणूस दोन दिवस घरी बसेल का? सुट्टीचे पैसे कापले जाणार असतील तर तो तोंड मिटून कामावर येणार. मला वाटतं, आजारपणाची सुट्टी भरपगारी आहे का, हे तपासनिसाने विचारावं आणि अहवालात लिहावं. स्वच्छतेचा हा भाग कुठल्याही फिनाइलने साधत नाही.

झारा

मधुमालतीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याबद्दल हे कोणी लिहीत नाही.

अबोली

माझ्या मुलाला अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. चर्चा वाचून एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते: दारावर ५ दिसले म्हणजे अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने जागा सुरक्षित, असं समजू नका. ब्रिटनचे गुण जंतूंपासून अन्न किती जपलंय ते सांगतात. घटकांची माहिती, कढई वेगळी आहे का, हे त्या गुणांत मोजलेलं नसतं. चव, दर्जा, सेवा यांच्याशीही त्यांचा संबंध नाही. आमच्यासारख्यांना दर वेळी प्रत्यक्ष विचारावंच लागतं, आणि उत्तर मोघम आलं तर उठावं लागतं. दारावरच्या कागदावर 'यात अ‍ॅलर्जीची तपासणी समाविष्ट नाही' असं एक वाक्य असलं तर किती बरं होईल.

चक्रधर

साळुंकीताई, माहितीच्या हक्काचा मुद्दा मान्य. एक शंका. ज्यांना दारच नाही त्यांचं काय? नुसत्या घरपोच ऑर्डरवर चालणारी स्वयंपाकघरं वाढत चालली आहेत. पाटी लावणार कुठे?

साळुंकी

तिथे पाटीची जागा अ‍ॅपच्या पानावर, मेनूच्या वर. ब्रिटनची अन्नमानक संस्था सगळ्या व्यवसायांचे गुण खुल्या विदेच्या (डेटाच्या) रूपात संकेतस्थळावर ठेवते, त्यामुळे कोणत्याही अ‍ॅपला ते थेट दाखवता येतात. तिथल्या काही अ‍ॅप कंपन्यांनी ठराविक गुणांखालच्या व्यवसायांना घ्यायचंच नाही असं धोरण ठेवलं आहे. पण हे कंपनीच्या मर्जीवर राहू नये. दारासाठी जो कायदा, तोच पडद्यासाठी.

आणि गुण देणारा कोण, याचाही विचार हवा. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या योजनेत पाच हसऱ्या चेहऱ्यांपर्यंत श्रेणी आहे, ती ऐच्छिक आहे, आणि तपासणी मान्यताप्राप्त खासगी संस्थांकडून होते. ज्याने स्वतःहून अर्ज केला त्याचीच तपासणी होत असेल, तर न आलेल्यांबद्दल ग्राहकाला काहीच कळत नाही. सुरुवात म्हणून ठीक, पण परवाना आहे तिथे श्रेणी असायलाच हवी.

अबोली

आणि ३ गुण दिसले तर आत जावं की नाही? बहुतेकांना हाच प्रश्न पडत असणार.

गणिती

३ म्हणजे 'साधारण समाधानकारक'. बंद करण्यासारखं नाही, सुधारायला जागा आहे. नुसत्या ३ वर ठरवू नका. संकेतस्थळावर तिन्ही बाबींचे वेगवेगळे शेरे असतात, ते उघडा. जागेच्या स्थितीमुळे ३ आले असतील तर मी जाईन. हाताळणीपुढेही 'साधारण समाधानकारक' एवढाच शेरा असेल तर नाही.

झारा

मी व्यवस्थापनाचा शेरा आधी वाचेन. तो चांगला असेल तर बाकीचं पुढच्या तपासणीपर्यंत सुधारलेलं असतं. त्यानंतर तारीख बघेन. हाताळणीचा शेरा वाईट आणि तारीख जुनी, असं दोन्ही असेल तर लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस बरोबर असताना तिथे बसणार नाही. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि तो यांनाच सगळ्यात जास्त बाधतो.